हॅमर ड्रिल : निगा आणि निर्धोक वापर



नळाची जोडणी असो, शाळेच्या वर्गातील पंखा असो किंवा ग्रामपंचायत कार्यालयातील संगणकाची वायर असो, भिंतीला भोक पाडल्यावाचून यांतील एकही काम पुरे होत नाही. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून तर अशा भोकांची संख्या गावोगाव वाढली. छिन्नी-हातोडीने तासन्‌तास चालणारे हे काम आता विजेवरील रोटरी हॅमर ड्रिल मिनिटभरात उरकते. कारागीर त्याला नुसते ‘हॅमर’ म्हणतात. लहान कामांवर हे यंत्र पुष्कळदा रोजाच्या भाड्याने येते; आज एका गवंड्याच्या हाती, तर उद्या शेजारच्या गावच्या प्लंबरच्या हाती. ते सर्वांचे असल्यामुळे त्याची निगा कोणाकडेच नसते. म्हणून ज्यांच्या देखरेखीखाली अशी कामे चालतात, त्यांनी या यंत्राची थोडी ओळख करून घेणे इष्ट आहे.

साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका निर्माण होतो, आणि माणूस जितका रेटा देईल तितका तो बसतो. रोटरी हॅमरची रचना निराळी आहे. त्यात मोटार एका नळकांड्यातील दट्ट्या पुढेमागे हलविते. दट्ट्या आणि त्यापुढील लोखंडी ठोक्या यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते. ती दाबली गेली की उसळी घेऊन ठोक्याला पुढे फेकते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला असता तो जसा मागे उसळतो, तसाच हा प्रकार आहे. अशा प्रकारे मिनिटाला हजारो ठोके बसतात. याचा अर्थ असा की, भिंत फोडण्याचे बळ हवेतून येते, माणसाच्या खांद्यातून नव्हे. बिट भिंतीवर टेकलेले राहील एवढाच दाब पुरेसा असतो. पहारीच्या सवयीने अंगाचा भार टाकला, तर ठोका मंदावतो, मोटार तापते आणि हादरे मनगटात उतरतात.

कारागीर जोर लावू लागला की बहुधा यंत्रच बिघडलेले असते, ही खूणगाठ देखरेख करणाऱ्याने बांधून ठेवावी. प्रथम बिट पाहावे. त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कठीण तुकडा बसविलेला असतो. त्याच्या कडा गोल झाल्या, किंवा त्याचा टवका उडाला, म्हणजे बिट बदलावे. तापलेले बिट पाण्यात बुडविण्याची खोड बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यामुळे कार्बाइडला तडे जातात. बिटाचे शेपूट चकमध्ये थोडे पुढेमागे सरकते, हा दोष नव्हे. १९७५ साली प्रचारात आलेली खाचांच्या शेपटाची ही पद्धत तशीच योजिलेली आहे. लहान यंत्रांत हे शेपूट १० मिलिमीटर जाडीचे असते. मात्र सरकणाऱ्या भागाला वंगण हवे. प्रत्येक वेळी बिट बसविण्यापूर्वी शेपूट फडक्याने पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. धुळीने माखलेले बिट तसेच खुपसले की चक आतून झिजते. चकच्या तोंडावरील रबरी टोपी फाटली असेल, तर ती तत्काळ बदलावी. छताला भोक पाडताना सारी धूळ तेथूनच आत शिरते.

मोटारीतील कार्बन झिजतात. ठिणग्या वाढणे, यंत्र अडखळणे ही त्याची लक्षणे होत. कार्बन नेहमी जोडीनेच बदलावेत. हवेची छिद्रे दररोज काम संपल्यावर साफ करावीत, अर्थात प्लग काढून. गिअरपेटीतील ग्रीस बदलण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवावे.

विजेच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. यंत्रावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असल्यास ते दुहेरी आवरणाचे असते. त्याला अर्थिंगची वायर नसते. संरक्षण आवरणाचेच असते. म्हणून तडकलेल्या कवचाचे वा ओले झालेले यंत्र वापरू नये. प्लग तुटल्यावर वायरची उघडी टोके काडी खोचून सॉकेटमध्ये बसविण्याचा प्रकार कामावर दिसल्यास काम तेथेच थांबवावे. पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या आर.सी.सी.बी.मधून घ्यावा. रिळावर गुंडाळलेली लांब वायर पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या स्थितीत ती तापते. बारीक व लांब वायरीत विजेचा दाब घटतो, यंत्राची शक्ती कमी होते आणि कारागीर पुन्हा रेटा देऊ लागतो.

काँक्रीटमधील सळईत बिट अडकले म्हणजे संपूर्ण यंत्र गरकन फिरू पाहते. क्लच झिजलेला असल्यास मनगट मोडू शकते. माणूस शिडीवर असला तर तो खाली येतो. यास्तव बाजूची मूठ लावल्याशिवाय यंत्र चालू करू नये, शिडीऐवजी परांची वापरावी आणि बटणाचा खटका लावून यंत्र अखंड चालू ठेवू नये. भिंतीतील वायर व नळ कोठून गेले आहेत, हे अगोदर विचारून घ्यावे. दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर हॅमरचा ठोका शक्यतो टाळावा. अशा भिंती किती ढिल्या असतात, हे १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिले आहे.

धुळीविषयी मात्र आजही उदासीनता आहे, आणि ती परवडणारी नाही. वाळू, काँक्रीट व विटा यांच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीची गणना कर्करोगकारकांत केली. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाही. त्यासाठी एन-९५ प्रतीची मुखपट्टी घट्ट बसवावी लागते. चष्मा आणि कानांचे संरक्षणही हवे. शाळेत असे काम मुले घरी गेल्यावरच करावे. नंतर वर्ग झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. यंत्राच्या हादऱ्यांनी वर्षानुवर्षांनंतर बोटे बधिर व पांढरी पडतात, म्हणून एकाच माणसाकडे दिवसभर यंत्र न देता आळीपाळीने काम द्यावे.

अंदाजपत्रकात भोकांचा दर येतो. मुखपट्टी आणि नवे बिट यांची तरतूद मात्र ठेकेदाराच्या मर्जीवर सोडली जाते. पंचायतीने कामाचा आदेश देतानाच या दोन वस्तू त्यात लिहाव्यात. भाड्याचे यंत्र आले की काम सुरू होण्यापूर्वी वायर, प्लग, कवच, बाजूची मूठ आणि बिटाचे टोक एकदा पाहून घ्यावे. त्याला पाच मिनिटे लागतात. मूठ नसलेले यंत्र दुकानदाराला त्याच गाडीने परत पाठवावे.