नवा मोबाइल घेण्याआधी

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी बोहारीण येत असे. डोक्यावरच्या पाटीत चकचकीत भांडी आणि पाठीला जुन्या कपड्यांचे गाठोडे. एका पातेल्यासाठी किती सदरे द्यायचे, ह्यावर तिची आणि आईची अर्धा-अर्धा तास घासाघीस चाले. पण सौदा ठरला तरी आई कपडे लगेच तिच्या हवाली करीत नसे. प्रत्येक सदऱ्याचा खिसा उलटा करून ती आधी चाचपून पाही. त्यातून कधी दोन रुपयांची नोट निघे, कधी एस. टी. चे तिकीट, आणि एकदा तर वडील जिच्यासाठी आठ दिवस घर धुंडाळत होते ती बँकेची पावती निघाली!

आज बोलायचे आहे मोबाइलविषयी. मग ही बोहारीण मध्येच कुठून आली, असे तुम्ही म्हणाल. तर ती पुन्हा यायची आहे. तूर्त तिला ओट्यावर बसवून ठेवू.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचे गाव लातूर जिल्ह्यात. माझ्या चुलतभावाच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. सोयाबीन विकून घरात थोडा पैसा आला होता. फराळाची ताटली पुढे ठेवता ठेवता वहिनींनी आपला मोबाइलही माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, आता हा बदलायलाच पाहिजे. बघावं तेव्हा मेमरी फुल. आणि बॅटरी तर मधल्या सुट्टीतच मान टाकते. शाळेची माहिती भरायची कशी?" ओसरीवरून दादा म्हणाला, "पंधरा-सोळा हजाराचा सांगतोय दुकानदार. तेवढ्यात पोराची वसतिगृहाची फी भागते." वहिनी काही बोलल्या नाहीत. पण प्रश्न नुसता हौसेचा नव्हता, हे त्या न बोलण्यावरूनच मला समजले.

आम्ही दोघांनी मग तो मोबाइल उघडून बसण्याचे ठरवले.

आधी मेमरी. ह्या एका शब्दात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि दुकानात गफलत होते ती इथेच. दुकानदार सांगतो, "आठ, एकशे अठ्ठावीस." ह्यांतला पहिला आकडा रॅमचा. रॅम म्हणजे वर्गातला फळा. चालू तासाचे काम त्यावर चालते आणि तास संपला की पुसले जाते. दुसरा आकडा साठवणीचा. ते शाळेचे कपाट. त्यात ठेवलेले राहते; पण कपाट भरले की दार लागत नाही. हल्ली काही जाहिरातींत "आठ अधिक आठ" असे लिहिलेले आढळते. ह्या पुढच्या आठाला भुलू नका. तो कपाटातलाच एक कप्पा काढून फळ्याला जोडलेला असतो. तो खऱ्या फळ्याइतका चपळ नसतो, आणि कपाट तेवढे लहान होते ते निराळेच.

वहिनींचे कपाट ६४ जीबीचे. त्यातला बराच भाग मोबाइलची स्वतःची यंत्रणाच अडवून बसते. उरलेल्यात पाहिले तर काय? पोषण आहाराच्या खिचडीचे फोटो! ह्यात वहिनींचा दोष नव्हता. आपण फोटो काढतो तेव्हा तो एकदा साठतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की पाठवलेल्यांच्या खणात त्याची आणखी एक प्रत पडते. शिवाय केंद्रातल्या इतर शाळांनी ग्रुपवर टाकलेल्या खिचड्याही आपल्या कपाटात येऊन बसतात. त्यात सुप्रभाताची फुले आणि सणांच्या शुभेच्छा. ही काही आमच्या गावाचीच कथा नाही. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने भारतीयांच्या ह्या सुप्रभात संदेशांवर बातमी छापली होती. मोबाइल का भरतात, ह्याचा शोध घेताना गूगलच्या मंडळींना ही फुले सापडली होती!

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते आकड्यानिशी दिसते. तिथून आम्ही मोठमोठे व्हिडिओ काढून टाकले आणि फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद केली. तासाभरात जवळजवळ निम्मे कपाट मोकळे झाले. घरचे फोटो मात्र आधी माझ्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. कुणी म्हणेल, गूगलच्या खात्यात ठेवले म्हणजे झाले. पण तिथे फुकट जागा १५ जीबीची, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जाऊ लागला आहे. एका रांजणात दोन घरांचे पाणी, असे ते झाले आहे.

आता बॅटरी. मोबाइलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्या घडणीबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिचे म्हातारपण समजायला आपल्याकडचा पाझर तलाव डोळ्यांपुढे आणा. दर पावसाळ्यात तलाव भरतो, पण दर वेळी तळाशी थोडा गाळ बसतो. काठोकाठ भरलेला दिसला तरी पाणी पूर्वीइतके मावत नाही. बॅटरीतही दर भरण्या-उतरण्याबरोबर थोडेथोडे लिथियम असेच अडकून बसते. म्हणून मोबाइल शंभर टक्के दाखवतो, पण ते शंभर पहिल्या वर्षीचे शंभर नव्हेत. युरोपात २० जून २०२५ पासून असा नियम आहे, की ८०० वेळा भरून उतरल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के तरी बॅटरीत शिल्लक राहिली पाहिजे. रोज एकदा भरणाऱ्याचे ८०० दिवस म्हणजे दोन वर्षे आणि वर दोन-अडीच महिने. वहिनींच्या मोबाइलला चार वर्षे होऊन गेली होती. त्याने दुपारी मान टाकली तर नवल ते काय?

गाळ लवकर साचवणारी गोष्ट म्हणजे उष्णता. अ‍ॅपल कंपनी आपला आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असे सांगते. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतसुद्धा पारा चाळिशी ओलांडतो! तेव्हा चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली, पत्र्याखालच्या कोनाड्यात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बॅटरी म्हातारी झाली म्हणजे मोबाइल म्हातारा झाला असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने जाहीर कबुली दिली, की बॅटरी थकलेले काही जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करीत होतो. गवगवा झाला, आणि अमेरिकेत बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. नवी बॅटरी बसताच तेच आयफोन पुन्हा पहिल्यासारखे चालू लागले. आपले लोक मात्र बैलगाडीचे चाक मोडले तर चाक बदलतात आणि मोबाइलची बॅटरी गेली तर गाडीच बदलतात. बॅटरी बदलताना ती कंपनीच्या अधिकृत केंद्रातून घ्यावी. निदान तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचा आय. एस. १६०४६ हा क्रमांक आहे का, ते पाहावे. आणि मोबाइलची पाठ फुगून वर आली असेल, तर तो त्याच दिवशी वापरायचा बंद करावा. फुगा दाबू नये, टोचू तर मुळीच नये.

इथपर्यंत दादा खुशीत होता. पंधरा हजारांचे काम हजार-दीड हजारात आटोपणार असे दिसत होते. वहिनी म्हणाल्या, "आणि समजा, नवा घेतलाच, तर जुना काय करायचा? गल्लीत भांडीवाला येतो, जुन्या मोबाइलवर टोपलं देतो."

तर मंडळी, आपली बोहारीण आता उठून आत आली.

वहिनींना मी जे सांगितले, ते तुम्हांलाही सांगतो. सांगायला थोडी लाज वाटते. २०१९ सालची गोष्ट. एका दुकानात मी जुना मोबाइल देऊन नवा घेतला. घाईत होतो. सिमकार्ड तेवढे काढले. दुकानदाराने काही विचारले नाही आणि मीही काही केले नाही. पंधरा दिवसांनी एका अनोळखी मुलाचा फोन आला. "सर, तुमचं मेमरी कार्ड ह्यातच राहिलंय. आणि फोटोसुद्धा. मुलींचे प्रवेशअर्ज दिसताहेत, आधार कार्डं आहेत, घरचे पत्ते आहेत. मी काही उघडलं नाही जास्त." दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्वतः महाविद्यालयात येऊन कार्ड देऊन गेला आणि बाकीचे माझ्यासमोर पुसून गेला. मी त्याला चहा पाजला. पण त्या दिवशी वर्गावर गेलो तेव्हा पुढच्या बाकांवरच्या मुलींकडे मला सरळ पाहवेना. त्यांनी ते कागद महाविद्यालयावरच्या विश्वासाने दिले होते. माझी गाठ भल्या मुलाशी पडली, इतकेच.

खासगीपणाचा विषय निघाला की "आपल्या मोबाइलमध्ये लपवण्यासारखं काय आहे?" असे आपण सहज म्हणून जातो. माझ्यात तर लपवण्यासारखे काहीच नव्हते. जे होते ते दुसऱ्यांचे होते. शिक्षकाच्या मोबाइलमध्ये साऱ्या वर्गाचे आधार क्रमांक असतात, आशाताईंच्या मोबाइलमध्ये गावातल्या बाळंतिणींची माहिती असते, तलाठ्याच्या मोबाइलमध्ये सातबारे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला, की खासगीपण हा घटनेच्या २१ व्या कलमाखालचा मूलभूत हक्क आहे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो. हा हक्क चौथीतल्या मुलीलाही आहे. आणि तो सांभाळायचा कुणी, तर तिचे कागद ज्यांच्या खिशात आहेत त्यांनी.

हे उगीच भय घालतो आहे असे समजू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात पोलिसांनी बिहारमधल्या तिघांना पकडले. त्यांच्याजवळ सुमारे चार हजार जुने मोबाइल निघाले. खेडोपाडी फिरून स्वस्तात गोळा केलेले हे मोबाइल ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांकडे जायचे होते, असे पोलिसांचे म्हणणे. म्हणजे टोपले घेणाऱ्याला टोपले मिळते, पण मोबाइल कुठे जातो ते त्याला दिसत नाही.

मग खिसे तपासायचे कसे? आधी हवे ते फोटो आणि नंबर उतरवून घ्यावेत, आणि ते दुसऱ्या ठिकाणी खरोखर उघडतात की नाही हे पाहून घ्यावे. बँकेच्या आणि पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमधून बाहेर पडावे. गूगलचे खाते काढून टाकावे. नाहीतर पुढच्या माणसाला मोबाइल तुमचाच पासवर्ड विचारत बसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे, आणि मग आपण ज्याला "फॉरमॅट मारणे" म्हणतो तो फॅक्टरी रिसेट करावा. गेल्या काही वर्षांतल्या मोबाइलमध्ये माहिती कुलूपबंद लिपीत असते आणि रिसेट केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. कार्डावर मात्र बहुधा असे कुलूप नसते. माझी फजिती झाली ती त्यामुळेच.

वापरलेला मोबाइल विकत घेणाऱ्यानेही सावध असावे. तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की पंधरा अंकी क्रमांक दिसतो. इंग्रजी अक्षरांत के, वाय, एम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवावा. मोबाइलची खरी-खोटी कुंडली कळते.

आता दादाला न आवडलेला भाग. मोबाइलच्या यंत्रणेत अधूनमधून भगदाडे सापडतात. चोर त्यांतून शिरतात आणि कंपनी अपडेट पाठवून ती बुजवते. पण कंपनी हे काम जन्मभर करीत नाही. वहिनींच्या मोबाइलला शेवटचे सुरक्षा अपडेट येऊन दीड वर्ष झाले होते. बॅटरी बदलता येते, कपाट रिकामे करता येते. कंपनीने कुंपणाकडे पाहणे सोडले, तर त्याला आपल्याकडे उपाय नाही. म्हणून माझ्या मते मोबाइल बदलण्याचे सर्वांत सबळ कारण हेच. आणि दुकानात त्याविषयी कुणी एक शब्द काढत नाही. कॅमेऱ्याचे आकडे विचारण्याआधी "अपडेट कोणत्या सालापर्यंत?" असे विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस २४ ला सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त मोबाइलांना पुष्कळदा ह्याच्या निम्मेही मिळत नाही. शिवाय ही वर्षे बहुधा मोबाइल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचा मोबाइल स्वस्तात मिळतो तेव्हा त्याची दोन वर्षे दुकानाच्या फडताळातच सरलेली असतात.

शेवटी आमचे असे ठरले. बॅटरी लगेच बदलायची. पैशांचे व्यवहार वहिनींनी तूर्त दादाच्या नव्या मोबाइलवरून करायचे. मुलांच्या आधार कार्डांचे फोटो काम झाले की त्याच संध्याकाळी पुसायचे. आणि नवा मोबाइल पुढच्या सोयाबीनला, साल विचारूनच घ्यायचा. वसतिगृहाची फी त्या आठवड्यात भरली गेली.

परवा वहिनींचा फोन आला होता. बॅटरी रात्रीपर्यंत पुरते म्हणाल्या. भांडीवाला पुन्हा येऊन गेला, ह्या वेळी टोपल्यावर एक चाळणीही द्यायला तयार होता. त्याला परत पाठवले. नवा आला तरी हा जुना द्यायचा नाही, असे त्यांच्या मनात आहे. त्यातले सारे पुसून तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचा, आणि भाकरी थापताना त्यावर आकाशवाणी लावायची.