घर, चोर आणि बळाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रात्री घरात शिरलेल्या चोरावर घरमालकाने किती बळ वापरावे, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा आणि न्यायालयांचा आहे. समाजवादी कार्यकर्त्यांच्या चर्चेत तो सहसा येत नाही. मालमत्तेची काळजी मालमत्तावाल्यांनी वाहावी, अशी एक समजूत या मौनामागे असते. ही समजूत दोन कारणांसाठी तपासून पाहिली पाहिजे.

पहिले कारण असे की, चोरीचा घाव श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक खोल बसतो. बंगल्याभोवती भिंत असते, फाटकाशी पहारेकरी असतो, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतात आणि उरलेल्या ऐवजाचा विमा उतरवलेला असतो. चाळीतल्या एका खोलीतून शिलाईचे यंत्र गेले, तर त्या घराचे उत्पादनाचे साधनच जाते. शेतमजुराच्या दारातून शेळी गेली, तर त्याची सारी बचत जाते. दुसरे कारण याहून गंभीर आहे. चोर समजून ज्याचा जीव घेतला जातो, तोही बहुधा गरीबच असतो, आणि कित्येकदा तो चोर नसतोच. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना कष्टकरी माणूस उभा आहे. चोर हा परिस्थितीचा बळी आहे, असे म्हणून घरात घाबरून उठलेल्या बाईचे भय नाकारता येत नाही. आणि त्या भयाचे भांडवल करून प्रत्येक घरमालकाला न्यायाधीश व जल्लाद बनवण्याची मागणीही मान्य करता येत नाही.

कायद्याची चौकट

भारतातील कायदा या बाबतीत पुष्कळ समंजस आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील 96 ते 106 ही कलमे स्वसंरक्षणाच्या हक्काची होती. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि त्याच तरतुदी थोड्याफार शब्दबदलाने 34 ते 44 या कलमांत आल्या. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याच्या शरीराच्या, तसेच स्वतःच्या वा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो आहे.

मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्याइतके बळ केव्हा वापरता येते, याची यादी कलम 41 मध्ये आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, आणि राहत्या घराला आग लावणे, या त्यातील ठळक बाबी. साधी चोरी किंवा घरात नुसता बेकायदा प्रवेश असेल, तर मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी परिस्थिती असली पाहिजे. तशी ती नसेल, तर चोराला अडवता येते, ढकलता येते, प्रसंगी इजाही करता येते; पण त्याचा जीव घेण्याचा हक्क मिळत नाही. या साऱ्यावर कलम 37 चा लगाम आहे. संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्कच उरत नाही. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्कही, घरफोडीने केलेला तो प्रवेश चालू आहे तोवरच टिकतो. पकडून खांबाला बांधलेल्या माणसाला मारणे हे संरक्षण नव्हे. तो गुन्हा आहे.

या तरतुदींमागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. दिवसाची चोरी आणि रात्रीची घरफोडी यांत गेलेल्या ऐवजाची किंमत सारखीच असू शकते, तरीही कायदा त्यांत भेद करतो. अंधारात घर फोडून आलेल्याच्या हातात काय आहे, तो एकटा आहे की चौघे आहेत, हे आतल्या माणसाला कळत नाही. म्हणून तेथे कायदा धोका गृहीत धरतो. बळाचा हक्क अशा रीतीने धोक्याच्या मापाने वाढतो आणि धोका सरताच संपतो. ऐवजाच्या किमतीशी त्याचे नाते नाही. न्यायालयांनीही हे सूत्र सांभाळले आहे. 2010 साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हल्ला झाल्यावर नागरिकाने भ्याडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि जिवावर बेतलेल्या क्षणी त्याने वापरलेले बळ गुंजभर तोलूनही पाहायचे नसते. मात्र हा हक्क संरक्षणाचा आहे, सूड उगवण्याचा नाही, हेही न्यायालयाने त्याच वेळी सांगितले.

वसाहतीचा वारसा

या कायद्याचा मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1837 मध्ये सादर केला. भारतीय माणूस अन्याय मुकाट सोसतो, म्हणून त्याच्या स्वसंरक्षणाच्या हक्कावर बंधने वाढवण्याऐवजी त्याच्यात धीटपणा जागवावा, अशी भूमिका त्या आयोगाने घेतली होती. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 1878 च्या शस्त्रास्त्र कायद्याने त्याच राज्यकर्त्यांनी भारतीयांच्या हातातील शस्त्र काढून घेतले. त्यापूर्वी सात वर्षे, 1871 मध्ये, त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच चोर ठरवले. कागदावर हक्क, हातात काही नाही, आणि संशयाला मात्र कायद्याचे पाठबळ, अशी ही रचना होती.

त्या तिसऱ्या गोष्टीचे परिणाम महाराष्ट्राने जवळून पाहिले आहेत. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत करून या जमातींना डांबले गेले, आणि तेथील माणसे गिरण्यांत मजुरीला जुंपली गेली. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. कायदा रद्द झाला तरी संशय रद्द झाला नाही. आजही गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर नजर जाते. जो समाज संशयाची अशी वाटणी जातीवर करतो, तेथे 'चोरावर हवे तेवढे बळ वापरा' या घोषणेचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

इंग्लंड-अमेरिकेचा अनुभव

बळाचा हक्क वाढवण्याची मागणी पाश्चात्त्य देशांत वारंवार झाली आहे. इंग्रजाचे घर म्हणजे त्याचा किल्ला, हे वचन 1604 च्या एका निवाड्यातून रूढ झाले. तो वाद मुळात सरकारी अंमलदाराने कोणाच्या घरात केव्हा शिरावे, याविषयीचा होता. सत्तेला उंबरठ्याशी अडवणारे ते वचन पुढे चोरापुरते उरले.

ऑगस्ट 1999 मध्ये नॉरफोकमधील टोनी मार्टिन या शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या दोघांवर बिनपरवाना बंदुकीतून गोळ्या झाडल्या. त्यात सोळा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. मार्टिनला खुनाबद्दल जन्मठेप झाली. 2001 मध्ये अपिलात, त्याच्या मानसिक अवस्थेच्या कारणावरून, ती पाच वर्षांच्या शिक्षेवर आली. वृत्तपत्रांनी त्याला घरमालकांचा वीर ठरवले. त्याच्या एकाकी शेतघरात यापूर्वीही चोऱ्या झाल्या होत्या आणि पोलिसांवर त्याचा विश्वास उरला नव्हता, ही या प्रकरणाची दुसरी बाजू होती. म्हणजे शासनाची सेवा जेथे पोहोचत नाही, तेथे बंदूक पोहोचते. त्या वातावरणातून उभ्या राहिलेल्या मागणीचा शेवट 2013 च्या कायद्यात झाला. घुसखोराविरुद्ध घरमालकाने वापरलेले बळ केवळ प्रमाणाबाहेर होते म्हणून ते बेकायदा ठरणार नाही. ते अतोनात प्रमाणाबाहेर असले, तरच आपोआप बेकायदा ठरेल, अशी ती तरतूद आहे. 2016 मध्ये उच्च न्यायालयाला खुलासा करावा लागला की, प्रमाणाबाहेरच्या बळालाही वाजवीपणाची कसोटी चुकलेली नाही.

अमेरिकेतील काही राज्ये याहून पुढे गेली. फ्लॉरिडाने 2005 मध्ये असा कायदा केला की, घरात बळजबरीने शिरणाऱ्याविरुद्ध घरमालकाला जिवाची रास्त भीती होती, हे गृहीतच धरले जावे. या मनोवृत्तीची किंमत कोण मोजतो, याचे उदाहरण लुइझियानात 1992 मध्येच घडले होते. सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीचा पत्ता चुकून भलत्याच दारापुढे गेला, आणि घरमालकाने त्याला गोळी घातली. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र तो जबाबदार ठरला. परका चेहरा आणि तुटकी भाषा एवढ्याच गोष्टी तेथे धोका ठरल्या.

त्याच देशात दुसरे उदाहरणही आहे. आयोवा राज्यातील एका जोडप्याने ओस पडलेल्या शेतघरात दार उघडताच सुटेल अशी बंदूक बसवली होती. जुन्या बाटल्या उचलण्यास आलेल्या माणसाचा पाय तिने जायबंदी झाला. 1971 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या चोरालाच तीस हजार डॉलरची भरपाई कायम केली. घरात कोणी नव्हते, म्हणजे कोणाच्या जिवाला धोका नव्हता. आणि नुसत्या मालमत्तेहून माणसाची सुरक्षितता मोठी, असा तो निवाडा होता. महाराष्ट्रात रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेने माणसे मरतात, तेव्हा हाच विचार आठवावा.

घरमालकाकडून जमावाकडे

आपल्याकडे एकट्या घरमालकाच्या बंदुकीपेक्षा मोठा धोका जमावाचा आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना, ते मुले पळवणारे आहेत या अफवेवरून, जमावाने ठार मारले. एप्रिल 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच संशयाला बळी पडले. या जमावांतील माणसेही गरीब होती आणि त्यांचे भयही खोटे नव्हते. पण ज्यांच्यावर ते तुटून पडले त्यांच्याकडून कोणताही धोका नव्हता. बळाचा हक्क धोक्यापासून सुटला आणि संशयाला चिकटला, की असे होते.

याच प्रश्नाचा आणखी एक पदर म्हणजे पहारेकरी. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क त्यालाही आहे. पण व्यवहारात मालकाचा हक्क तो स्वतःचे शरीर पणाला लावून बजावतो. चोरी झाली तर पहिला संशय त्याच्यावर, चोर मेला तर पहिला आरोपी तोच, आणि तो स्वतः मेला तर त्याच्या कुटुंबामागे कोणी नाही. महाराष्ट्राने 1981 मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा करून त्यांच्या रोजगाराचे व कल्याणाचे नियमन मंडळांकडे सोपवले, ही या राज्यातील श्रमिक चळवळीची कमाई आहे. मंडळाबाहेर राहिलेल्या रक्षकांना त्याचे संरक्षण मिळवून देणे हे घरांच्या सुरक्षिततेचेच काम आहे.

पुढील काम

यावरून कार्यकर्त्यांची दिशा ठरते. पहिली गोष्ट, बळाचा हक्क वाढवण्याची मागणी कोणीही केली तरी तिला विरोध व्हावा. आहे तो हक्क पुरेसा आहे, आणि तो वस्तीवस्तीत समजावून सांगितला पाहिजे. चोर सापडला तर त्याला पकडून ठेवण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही आहे. मात्र विनाकारण विलंब न करता, आणि उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 सांगते. हे सहा तास प्रत्येक ग्रामसभेत सांगण्यासारखे आहेत. दुसरी गोष्ट, गरिबाच्या चोरीची फिर्याद लिहून घेतली जात नाही, या तक्रारीला आंदोलनाचा विषय केले पाहिजे. रात्रीची गस्त बंगल्यांच्या रस्त्यावर असते आणि झोपडपट्टीच्या तोंडाशी संपते. सार्वजनिक सेवेची ही विषम वाटणीच खाजगी बळाला निमंत्रण देते. तिसरी गोष्ट, गावात अफवा उठली की भटक्यांच्या पालापाशी प्रथम कार्यकर्ता पोहोचला पाहिजे. पोलीस नंतर येतील.

उंबरठ्याच्या आत निर्धास्त झोपण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ज्याला उंबरठाच नाही, त्यालाही तो आहे. पहिला हक्क दुसऱ्याच्या रक्तावर उभा करण्याचे राजकारण या देशात जोर धरू नये, एवढी दक्षता समाजवादी चळवळीने घेतलीच पाहिजे.