बियाण्याच्या पाकिटातून आलेले भांडवल

(बीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



परकीय भांडवल आणि व्यापारविषयक कायदे हा विषय आज ठरला, तेव्हा आपल्यापैकी काहींनी विचारले की, ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, त्या जिल्ह्याचा परकीय भांडवलाशी संबंध तो काय? प्रश्न रास्त आहे. पुणे किंवा औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींत जसे परदेशी कारखाने उभे राहिले, तसे ते गेवराईत वा माजलगावात आले नाहीत. तरीही परकीय भांडवल येथे आलेच. ते कृषी सेवा केंद्राच्या फळीवरील कापसाच्या बियाण्याच्या पाकिटातून आले आणि त्याचे उत्पन्न प्रत्येक पाकिटामागे येथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून वसूल झाले.

याची सुरुवात आपल्या शेजारच्या जालन्यात झाली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली. १९८८ चे नवे बियाणे धोरण व १९९१ चे औद्योगिक धोरण यांनी या उद्योगाची दारे परकीय भांडवलाला उघडून दिली. १९९८ मध्ये मोन्सँटो या अमेरिकन कंपनीने महिकोचे २६ टक्के भागभांडवल घेतले आणि पुढे दोघींनी निम्म्या-निम्म्या भागीदारीची एक संयुक्त कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. संयुक्त कंपनीने चाळीसहून अधिक देशी कंपन्यांना जनुक वापरण्याचे परवाने दिले. परवान्यासाठी प्रत्येकीकडून आरंभी पन्नास लाख रुपये आणि त्यानंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटामागे ठरावीक रक्कम, अशी अट होती. व्यवहारात या रकमेला ट्रेट व्हॅल्यू म्हणतात. आपण तिला गुणमूल्य म्हणू.

आता या करारांची रचना पाहा. करार कंपनी आणि कंपनी यांच्यात झाला, पण त्यातील पैसा शेतकऱ्याने दिला. ज्याच्या पैशावर सारा व्यवहार चालतो, त्याला मात्र करारात पक्षकार म्हणून स्थान नाही. विशेष म्हणजे पहिल्या पिढीच्या या जनुकावर भारतात पेटंटही नव्हते. पेटंट नसताना केवळ खाजगी कराराच्या बळावर एक प्रकारचा करच बसविला गेला. अर्थशास्त्रात मक्तेदारीची व्याख्या शिकविताना आम्ही पाठ्यपुस्तकातील काल्पनिक उदाहरणे देत असू. हे उदाहरण तर दारात आले होते.

त्या काळी साडेचारशे ग्रॅम बियाण्यामागे गुणमूल्य होते सुमारे १,२५० रुपये. या आकारणीविरुद्ध आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा आयोगाकडे दाद मागितली. हा आयोग ज्या कायद्याखाली काम करी, तो १९६९ चा कायदा उदारीकरणाच्या पुरस्कर्त्यांना कालबाह्य वाटत होता. परंतु मे २००६ मध्ये याच आयोगाने आकारणी अवाजवी ठरवून ती कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यानंतर पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. पुढे आंध्र व गुजरातपाठोपाठ महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याचा पुरवठा, विक्री आणि किंमत यांचे नियमन करणारा स्वतःचा कायदा केला. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. गुणमूल्य २०१६ मध्ये ४९ रुपये, २०१८ मध्ये ३९ रुपये आणि २०२० मध्ये शून्यावर आले.

‘नियंत्रण आणले तर गुंतवणूक निघून जाईल,’ असे आपल्याला नेहमी ऐकविले जाते. २०१६ मध्ये कंपनीनेही भारतातील व्यवसायाचा फेरविचार करू, असे बजावले होते आणि त्याच वर्षी पुढील पिढीच्या वाणाचा अर्ज मागे घेतला. याची किंमत मुळीच पडली नाही, असे मी म्हणणार नाही. तणनाशकाला दाद न देणाऱ्या बेकायदा बियाण्याचा जो चोरटा बाजार आज फोफावला आहे, त्यात बिनपावतीचा शेतकरीच पुन्हा असुरक्षित आहे. तथापि सर्वच वर्षांत कापसाचे अधिकृत बियाणे बाजारात मिळत राहिले, आणि १,२५० रुपयांची आकारणी ही काही निसर्गनियमाने ठरलेली नव्हती, हेही सिद्ध झाले.

मात्र किमतीचा प्रश्न हा अर्धाच प्रश्न होय. उरलेला अर्धा प्रश्न जबाबदारीचा आहे, आणि तेथे आपला कायदा लुळा पडतो. पहिल्या काही वर्षांत बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या आणि देशातील कापसाचे उत्पादन वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गुलाबी बोंडअळीने या जनुकाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविली. गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या पिढीचे वाण तिच्यापुढे निष्प्रभ ठरल्याचे खुद्द कंपनीनेच २०१० मध्ये जाहीर केले. शेतकरी कडेने बिगरबीटी कापसाच्या ओळी लावीत नाहीत, हे त्यामागचे एक कारण कंपनीने सांगितले. शास्त्रदृष्ट्या त्यात तथ्य आहे. पण दोन-अडीच एकरांच्या धन्याने त्यातील काही भाग अळीला सोडून द्यावा, ही अपेक्षा मोठ्या शेतीच्या देशातून जशीच्या तशी उचललेली होती.

२०१७ च्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात दुसऱ्या पिढीच्या वाणाचीही बोंडे किडली. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने कोरडवाहू कापसासाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर केली. आकडा मोठा होता, पण त्याची फोड अशी होती: आपत्ती निधीतून ६,८००, पीकविम्यातून ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम कंपन्यांनी द्यावयाची होती. शेतकऱ्यांनी विहित नमुन्यात तक्रारी केल्या, पंचनामे झाले, कृषी खात्यापुढे सुनावण्या झाल्या. सरकारी निधीतील भाग लोकांच्या हाती आला. कंपन्यांच्या हिश्शाचे प्रकरण आदेश, अपिले आणि न्यायालये यांत अडकून पडले. उधारीवर बियाणे नेणाऱ्या कित्येकांजवळ तर पक्की पावतीच नव्हती.

याच्या शेजारी दाभोळचे प्रकरण ठेवून पाहा. एन्रॉनच्या प्रकल्पाला केंद्र सरकारची प्रतिहमी होती. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, तेव्हा जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या भागीदार कंपन्यांनी मॉरिशसशी झालेल्या गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन भारताला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले आणि २००५ मध्ये तडजोडीची रक्कम पदरात पाडून घेतली. भांडवलाचे नुकसान झाले की त्यासाठी प्रतिहमी, करार आणि लवाद अशा तीन तटबंद्या असतात. कापूस उत्पादकाचे नुकसान झाले, तेव्हा त्याच्या हाती तक्रार अर्जाची पोच तेवढी होती. ही विषमता कायद्याच्या रचनेतच आहे. अधिकारी बदलल्याने वा सरकार बदलल्याने ती आपोआप जाणार नाही.

न्यायालयांतून तरी मूळ प्रश्नाचा निकाल लागला काय? आपल्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात वनस्पती आणि बियाणे यांना पेटंट नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मोन्सँटो विरुद्ध नुझिवीडू सीड्स या वादात एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दुसऱ्या पिढीच्या जनुकाचे पेटंट याच आधारे रद्द ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठविले. तोवर, २०१८ मध्येच, मोन्सँटोला जर्मनीच्या बायरने विकत घेतले होते. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवून टाकले. त्यांचा वाद मिटला. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला कायद्याचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? परकीय भांडवल नकोच, अशी घोषणा सोपी आहे, परंतु बियाणे निर्मितीत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा असताना ती अपुरी ठरते. आपली मागणी अशी हवी की, जो नफ्याचा वाटेकरी आहे, तो नुकसानीचाही वाटेकरी झाला पाहिजे. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे प्रयत्न २००४ पासून चालू आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्येही एक मसुदा प्रसिद्ध झाला. नव्या कायद्यात भरपाईची जबाबदारी, ती ठरविणारी जिल्हा पातळीवरची यंत्रणा आणि निकालाची मुदत यांचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि ही जबाबदारी विक्रेत्यापाशी न थांबता जनुकाचा मालक असलेल्या कंपनीपर्यंत पोहोचावी.

याच्याच जोडीला सार्वजनिक संशोधनाचा आग्रह धरला पाहिजे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण एके काळी मराठवाड्यातील घराघरांत माहीत होता. खाजगी बीटी वाण आल्यानंतर त्याचे बीटी रूप शेतकऱ्यापर्यंत यावयास दीड दशक लोटले. त्या अवधीत बाजार हातचा गेला. अलीकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाने बीटी कापसाचे सरळ वाण तयार केले आहेत. संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते; सरळ वाणाचे बी घरी राखता येते, आणि २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे. या वाणांचे बियाणे पुरेसे तयार होते की नाही, यावर आपण लक्ष ठेवले पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत करण्याजोगे काम पुष्कळ आहे. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्याबद्दल तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, असा निर्णय दिला. तपासणीसाठी त्याने बियाण्याचा नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाही न्यायालयाने अमान्य केली. हा निर्णय आपल्या तालुक्यांत किती जणांना ठाऊक आहे? येत्या मृगाच्या आधी गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर येथील प्रत्येक कृषी सेवा केंद्रापुढे आपला एक कार्यकर्ता उभा राहावा. उधारीच्या खरेदीलाही पक्की पावती मिळते की नाही, हे त्याने पाहावे आणि पावती, पाकीट व त्यावरील लेबल माळ्यावर जपून ठेवावयास सांगावे. पाच गावांमागे एका कार्यकर्त्याने तक्रारींची वही ठेवावी. परदेशातील कंपनीचा करार शेकडो पानांचा असतो. त्याच्यासमोर ठेवावयास आपल्या शेतकऱ्यापाशी निदान एक पावती तरी असली पाहिजे.