बरबटीचे वडे निघाले ब्राझीलचे!

मागच्या वेळी गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज मात्र चुलीजवळचं बोलणार आहोत, आणि तेही ब्राझीलच्या पदार्थांबद्दल. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं की शहरातल्या एका कॉलेजात खाद्यमेळावा होता. आमच्या गटाला स्टॉल मिळाला, पण सांगणाऱ्यांनी स्पष्टच सांगितलं, "ते वडे-पाटोडी नेहमीचंच झालं. मुलांना काहीतरी फॉरेनचं द्या." आम्ही दहा जणी घरी येऊन गप्प बसलो. ज्या वड्यांवर गटाचं पहिलं कर्ज फेडलं, ते एका वाक्यात जुने झाले होते. एकीचं म्हणणं, नूडल्स करू. दुसरी म्हणाली, स्टॉलच परत करू. शेवटी आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाईलवर ब्राझीलचे पदार्थ दाखवले, आणि त्यातला एक पाहून आमच्या काकू ओरडल्याच, "अगं, हे तर आपले बरबटीचे वडे!"

त्या पदार्थाचं नाव अकाराझे. ब्राझीलच्या बाहिया राज्यात, साल्वादोर शहरात तो रस्त्यावर विकतात, आणि विकणाऱ्या बहुतेक बायाच. पांढरा लेसचा घेरदार घागरा, डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा, समोर कढई. बरबटी, म्हणजे पुण्याकडच्या बायका जिला चवळी म्हणतात ती, मूळची आफ्रिकेतली. ती फार पूर्वी आपल्याकडे आली, आणि गुलाम करून जहाजातून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर ब्राझीललाही गेली. पश्चिम आफ्रिकेत योरुबा लोक या वड्याला आकरा म्हणतात. त्यावरूनच अकाराझे.

आम्हाला धरून ठेवलं ते यापुढच्या गोष्टीने. त्या काळात मालक गुलाम बायांना रस्त्यावर विकायला पाठवत. दिवसाची ठरलेली रक्कम मालकाच्या हातात द्यायची, वर जे उरेल ते तिचं. त्या उरलेल्या पैशांतून साठवून साठवून काही बायांनी स्वतःचं आणि लेकरांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. ब्राझीलमध्ये गुलामी कायद्याने संपली ती थेट 1888 साली. आम्ही महिन्याला शंभर रुपये टाकताना कुरकुर करतो, त्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता कृती. अर्धा किलो बरबटी आधी कोरडीच भरडून घ्या, दाणा दोन-तीन तुकडे होईल इतकीच. मग पाण्यात भिजवा. चार-पाच तास पुरतात. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात याहून जास्त ठेवली तर आंबते, हे आम्ही एक घाणा फेकून शिकलो. भिजली की हाताने चोळा, टरफल वर तरंगतं, ते ओतून टाका. आपण वड्यांना टरफल ठेवतो, तिथे अजिबात ठेवत नाहीत. मग दोन मोठे कांदे घालून वाटायचं, पाणी शक्यतो नाहीच. मीठ घालून लाकडी चमच्याने फेटत राहायचं. सोडा नको. पिठाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकला आणि तरंगला, की झालं. मिरची, लसूण, जिरं, सांभार काहीच पिठात नाही. आमच्या काकूंना हे पटलंच नाही, त्यांनी चोरून जिरं टाकलं. चव चांगली लागली, पण ते अकाराझे राहिलं नाही.

तिकडे तळतात ते लाल पामतेलात. आपल्या दुकानात मिळतं ते शुद्ध केलेलं पामतेल, त्याला ना तो रंग ना तो वास, म्हणून आम्ही शेंगदाण्याचं तेल वापरलं. तेलात एक अख्खा कांदा सोडतात, आम्हीही सोडला. वडा आपल्यासारखा चपटा नाही, अंड्याएवढा लांबट, चमच्याने सोडायचा. अर्ध्या किलोत लहान आकाराचे 25-30 होतात.

वडा मधून चिरून भरायचा. पाव नारळाच्या दुधात भिजवून, त्यात शेंगदाणे, काजू आणि आलं वाटून घट्ट शिजवतात. त्यात सुकट असते. मांसाहारी नसाल तर सोडून द्या. (काजू मात्र त्यांचाच हं, पोर्तुगिजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलेला.) शिवाय भेंडीची एक भाजी, कच्च्या टमाट्याची कोशिंबीर आणि मिरचीचं तिखट. तिथली बाई गिऱ्हाईकाला विचारते, "गरम हवं का?" म्हणजे तिखट घालू का! आम्हीही स्टॉलवर तेच विचारलं. नागपूरची पोरं, नाही कोण म्हणणार?

चीज घातलेले छोटे गोल पावही करून पाहिले. ते कसाव्याच्या पिठाचे असतात. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच. मिक्सरमध्ये साबुदाणा वाटून केले, दगड झाले. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

एक सांगायचं राहिलं. 2005 साली ब्राझीलच्या सरकारने या बायांच्या कामाला देशाचा वारसा म्हणून मान दिला. तरी 2014 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी साल्वादोरच्या स्टेडियमजवळ त्यांना बसू देणार नाहीत अशी वेळ आली. तिथे प्रायोजकांचाच माल विकला जाणार होता. बायांनी त्यांच्या संघटनेमार्फत सह्या गोळा केल्या, आवाज उठवला, आणि शेवटी त्यांच्यातल्या काही जणींना तिथे विकायची परवानगी मिळाली.

मेळाव्यात आमच्या पाटीवर लिहिलं होतं, "अकाराझे, म्हणजे बरबटीचे वडे". चार वाजेपर्यंत पीठ संपलं. शेजारच्या थाळीत आमचे नेहमीचे वडेही ठेवले होते, तेही गेले. आता बुधवारच्या बाजारात दोन्ही ठेवायचं ठरतंय. भरलेल्या वड्याची प्लेट 40 रुपये करावी की 50, यावर गटात अजून एकमत नाही. काकू म्हणतात, जिरं घालू दिलं तरच 50. पुढच्या सोमवारच्या बैठकीत ठरेल.