दुकान कोणाच्या नावावर?

(नागपुरातील बचतगटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सरगुंडे, मुगवड्या वाळत घालणाऱ्या बाईला आपल्याकडे कोणी उद्योजक म्हणत नाही. ते तिचे फावल्या वेळातले काम! (मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात फावला वेळ कसा असतो, ते म्हणणाऱ्यांनी एकदा गच्चीवर चढून बघावे.) हाच माल आता साध्या वेबसाइटवर विकता येतो. तयार साच्यातून चार-पाच पानांची वेबसाइट उभी करणे अवघड नाही. २०१४ पासून तिचा पत्ताही देवनागरीत, शेवटी 'डॉट भारत' असलेला, घेता येतो.

मला बोलायचे आहे ते मालकीबद्दल. माझ्या कामात वारंवार दिसते ते असे: मुलगा किंवा दीर हौसेने वेबसाइट करून देतो. पत्ता त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे, क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा. पापड लाटते ती, पण किती विकले गेले हे तिला दुसऱ्याला विचारावे लागते. घरात बिनसले की दुकानाला कुलूप, आणि किल्ली तिच्याकडे नाही. मदत जरूर घ्या. मात्र नोंदणी तुमच्या किंवा गटाच्या नावावर हवी आणि ओटीपी तुमच्याच फोनवर यायला हवा. पत्त्याचे पैसे मुदतीत भरले नाहीत तर तो हातचा जातो, म्हणून ती तारीख गटाच्या वहीत लिहा. स्वतःच्या कसबाने व कष्टाने मिळवलेल्या मालमत्तेची बाई पूर्ण मालक असते, असे हिंदू वारसा कायदा, १९५६ चे कलम १४ सांगते. हा कायदा बौद्ध, जैन, शीख स्त्रियांनाही लागू आहे.

लिज्जत पापड आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. तेथे पापड लाटणारी बहीण नोकर नसते, मालकीत भागीदार असते. शिवाय लाटण्याची मजुरी किलोमागे वेगळी मोजतात; तिला 'वणाई' म्हणतात. मला हे फार मोलाचे वाटते. आपण भाव ठरवताना डाळ, पापडखार, पिशवी सगळे धरतो, फक्त आपले हात धरत नाही. त्यात पार्सलचा खर्च आला, की तोही आपल्याच पदरचा! तेव्हा वेबसाइटवर भाव टाकण्याआधी एक किलोला किती तास लागले ते लिहून काढा.

बाकी कामे ओघाने येतात. पाकिटावर वजन, घटक, तयार केल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल, तर जीएसटीचे आधी विचारून घ्या. पहिले पार्सल पुण्या-मुंबईच्या नातलगांना पाठवून पापड किती तुटतात तेही बघा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने बँकेचे पासबुक आणावे. खात्यावर कोणाचे नाव आहे आणि त्याला कोणाचा मोबाइल जोडलेला आहे, ते तेथेच बघू.