एकट्या माणसांचा क्लब

(गणेशोत्सवात मंडळापुढे केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांच्या कामात केस पिकू लागले. तेव्हा गाडी वेळेत स्टेशनात आणतो.

२००९ साली बदलीवर हावड्याला आलो, तेव्हा सहा महिने मराठीत बोलायला कोणी नव्हते. आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले असेल. असाच एक माणूस शिकागोत होता. पॉल हॅरिस, पेशाने वकील, छोट्या गावात वाढलेला. शिकागो देशोदेशींच्या माणसांनी गजबजलेले, पण त्याचे असे कोणी नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो तिघांना भेटला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागली. या फिरतीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले.

सुरुवातीचा हेतू साधा होता : मैत्री करावी, एकमेकांच्या धंद्याला हात द्यावा. पण आपल्या-आपल्यातच किती दिवस रमणार? १९०७ मध्ये सभासदांनी शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून खटपट सुरू केली. क्लबचे पहिले समाजकार्य ते हेच!

१९१९ मध्ये रोटरी कलकत्त्यात आली. इथलेच नितीश लाहरी १९६२-६३ साली जागतिक रोटरीचे पहिले आशियाई अध्यक्ष झाले. महिलांना मात्र सभासदत्वाचे दार १९८९ मध्ये जगभर उघडले. चुका सुधारायलाही क्लबला वेळ लागतो.

१९८५ पासून रोटरीने पोलिओ निर्मूलनाचे काम जगभर हाती घेतले. आपल्याकडे सरकारच्या पल्स पोलिओ मोहिमेत फलाटावरही डोस देत. मला त्या गर्दीचा रागच यायचा. एकदा बर्फाची पेटी घेऊन उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “एकटू धोरुन तो, दादा.” मी रडणाऱ्या पोराचा हात धरला, त्यांनी दोन थेंब पाजले आणि करंगळीला शाई लावली. कुठल्या मुलखाचे मूल, कोणी विचारले नाही.

देशातल्या वन्य पोलिओ विषाणूच्या शेवटच्या रुग्णाची नोंद १३ जानेवारी २०११ ची, आणि ती आपल्या हावडा जिल्ह्यातलीच. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा ती करंगळी आठवली.

मंडळींनो, आपणही एकटेपणातूनच एकत्र आलो. आरती, मोदक, नाटक हे सगळे हवेच. पण इतकी वर्षे या शहराने आपल्याला सांभाळले, त्याचे काय? माझी सूचना छोटी आहे. यंदा वर्गणीतून जे उरेल, त्यातून स्टेशनवरचे हमाल आणि सफाई कामगार यांच्यासाठी नेत्रतपासणी शिबिर घेऊ. त्यांच्यात मराठी कोणी नसेल, नसू दे. विसर्जनापूर्वी निर्णय व्हावा, एवढीच विनंती. पहिले पाचशे एक रुपये माझे.

गणपती बाप्पा मोरया!