निरगुडीचा पाला आणि गुडघ्याची सूज
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज वंदनेच्या वेळी निम्म्या आयाबायांना खाली बसता येईना, खुर्च्या मागवाव्या लागल्या. जन्मभर खुरपणी आणि ऊसतोड केलेले हे गुडघे. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही यावरच बोलतो.

हे दुखणं संघालाही नवीन नव्हतं. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र खंधक आहे. त्यात पिलिंदवच्छ थेरांना अंगवात झाल्याचे येते. भगवंतांनी आधी साधा शेक सांगितला. उतार पडेना, तेव्हा संभारसेद, म्हणजे अट्ठकथेप्रमाणे नाना प्रकारच्या पाल्याचा शेक, घेण्यास अनुमती दिली. हळद, आले, वेखंड या मुळ्यांनाही तिथंच परवानगी आहे.

आपल्याकडे शेकाचा पाला म्हणजे निरगुडी. श्रीलंकेतील संशोधकांनी तिच्या ताज्या पाल्याचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजून पाहिला, २००३ साली तो छापून आला. उंदरांच्या पायाची सूज उतरली, वेदनाही कमी झाल्या. आपल्या शरीरात सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. अ‍ॅस्पिरिन ती तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. निरगुडीही थोडंफार तेच करत असावी, असे त्या संशोधकांचे मत.

पण उंदीर तो उंदीर! शेकानं बरं वाटतं, त्यात निम्मा गुण उबेचाच असेल. झिजलेली कुर्चा काही पाल्यानं परत येत नाही. सांधा लाल, गरम झाला, ताप आला, तर शेकत बसू नका, दवाखाना गाठा.

आता पुडीचं. "शंभर टक्के झाडपाला" म्हणून बाजारात विकतात ती. आमच्या नात्यातल्या एका आजीनं घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तुरुतुरु चालू लागली. आम्हीही खूश! दोन महिन्यांत तोंड सुजलं, साखर वाढली. पुडीत स्टेरॉइड असावं, असं डॉक्टर म्हणाले. झाडपाला एका रात्रीत एवढा गुण देत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. अशी पुडी कुणी बरेच दिवस घेत असेल, तर ती एकदम बंदही करू नका, त्यानंही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

विहाराच्या कुंपणाला निरगुडीच्या चार फांद्या लावल्यात, फुटल्या आहेत. पाला खुशाल न्या, शेंडे तेवढे मोडू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!